इस्माईलभाई आणि आइशेनरोटच्या सुऱ्या

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला फोन आला तेव्हा मी कुवेतमधल्या आमच्या सुऱ्यांच्या एजन्सीच्या ऑफिसात एका हॉटेलची ऑर्डर टाइप करत होते. फोन सुलैबियाच्या मटण-कारखान्यातून होता. सुपरवायझर हिंदीत आणि इतक्या घाईत बोलत होता की मला आधी वाटलं, इस्माईलभाईंनी धार लावलेल्या सुऱ्यांबद्दल काही तक्रार आहे. "मॅडम, आपके इस्माईलभाई को चाकू लग गया है. जहरा ले गए हैं." मी विचारलं, हाताला लागला का. आमच्या धंद्यात हाताला लागणं नेहमीचं, चार टाके घालून माणूस दुपारी कामावर येतो. तो म्हणाला, "पेट में, मॅडम..."

शुवैखच्या ऑफिसातून जहराच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत काय झालं ते तुकड्यातुकड्याने कळत गेलं. इस्माईलभाई दर बुधवारी त्या कारखान्यात जात, तिथल्या सगळ्या सुऱ्या एकेक करून धारेला लावत आणि स्टीलच्या ट्रेमध्ये मांडून ठेवत. त्या दिवशी मांस सोडवणाऱ्या दोन कामगारांची जुंपली. दोघं एकाच खोलीत राहणारे, आठवडाभर धुसफुस चाललेली. एकाने दुसऱ्याच्या आईबद्दल काहीतरी बोलून दाखवलं, दुसऱ्याने ट्रेमधली पहिली हाताला लागली ती सुरी उचलली. बाकीचे पंधरा-वीस जण मागे सरकले. इस्माईलभाई पुढे गेले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, रबरी एप्रन घातलेला, दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला आणि सुरी त्यांच्या बरगड्यांच्या खाली मुठीपर्यंत गेली. ज्याने मारली तो तिथेच बसून ओरडायला लागला. इस्माईलभाई खाली बसले ते सुरीची मूठ स्वतःच धरून. कोणीतरी ती ओढून काढायला धावलं, त्याला म्हणाले, "काढू नको. काढलीस तर मी इथंच संपेन." त्यांना माहीत होतं. ते पातं शरीरात काय करतं, हे त्या कारखान्यात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

त्यांची मुलगी शाहीन सबाह अल-सालेमच्या वस्तीतून पोचली तेव्हा त्यांना ऑपरेशनला नेण्याच्या आधीची दहा मिनिटं मिळाली. एक पोलीस जबाब घेत होता. इस्माईलभाई त्याच्याशी अरबीत बोलत होते, श्वास तोडत तोडत. पोलिसाने लिहिलं, त्यांनी ते वाचून दाखवायला सांगितलं, आणि एका वाक्यावर मान हलवली. नाही, असं नाही. पोलिसाने खोडून पुन्हा लिहिलं. मग आमच्याकडे बघून ते मराठीत म्हणाले, "तो माझ्यावर आला नव्हता. मी मध्ये गेलो. तसांच लिवलंय ना, बघ." शाहीनने तो कागद वाचला आणि हो म्हणाली. गुरुवारी दुपारी, असरच्या अजानच्या थोडं आधी, ते गेले.

याला आता सहा आठवडे झाले. लोक मला म्हणतात, चाकूवाला चाकूनेच गेला, बघा कसा योग. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण सतरा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसले, त्यांची पत्रं टाइप केली, आणि मला यात कसला योग दिसत नाही. एक माणूस मध्ये उभा राहिला, त्याला लागलं. ते आधीही एकदा मध्ये उभे राहिले होते, तेव्हाही त्यांना लागलं होतं. ती हकीकत लिहायची राहू नये म्हणून हा लेख.

इस्माईल परकार दाभोळच्या खाडीकाठचे. एकविसाव्या वर्षी कुवेतला आले ते मासळीबाजारात मासे साफ करायला. तिथे एके दिवशी अबू फहद, म्हणजे आमच्या एजन्सीचे मूळ मालक, एका उंच जर्मन माणसाला घेऊन आले. तो वेर्नर आइशेनरोट. जर्मनीत झोलिंगन नावाचं गाव आहे, पिढ्यान् पिढ्या चाकू-सुऱ्या करणारं. तिथे आइशेनरोट कुटुंबाचा कारखाना, आणि वेर्नर हा त्या घराण्याचा चौथा वारस. बाजारात नवीन सुरीचा नमुना दाखवायचा म्हणून त्याने समोर दिसला त्या कोळणीसारख्या चपळ हाताच्या माणसाला ती दिली. इस्माईलभाईंनी दोन सुरमई कापल्या, सुरी धुतली आणि परत देत तोडक्यामोडक्या अरबीत म्हणाले, "धार बरी हाय. पण मूठ ओल्या हातात सरकते. एक दिवस कोणाचं तरी बोट जाईल." अबू फहदनी हे अरबीतून इंग्रजीत नेलं. वेर्नरने खिशातून वही काढून लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्या सुरीची मूठ बदलून आली, आणि त्याच्या आधीच इस्माईलभाई मासळीबाजार सोडून अबू फहदच्या कफालतीत, म्हणजे त्यांच्या नावावरच्या व्हिसावर, आले होते. मग त्यांना धार लावणं शिकायला तीन महिने जर्मनीला पाठवलं.

ते तीन महिने ते जन्मभर सांगत. पण थंडीचं, बर्फाचं, खाण्याचे हाल झाले त्याचं नाही. कारखान्याच्या दाराशी भिंतीत बसवलेल्या एका दगडाचं. आइशेनरोटांचा मूळपुरुष गॉटफ्रीड, हा ओढ्याकाठी पाणचक्कीवर साण फिरवणारा साधा धारवाला. माणसाच्या उंचीची साण, दिवसभर तिला चिकटून बसायचं. दगडाची पूड छातीत जाऊन चाळिशीत माणसं खोकून मरायची. आणि कधीकधी फिरता दगडच फुटायचा. गॉटफ्रीडचा थोरला भाऊ शेजारीच बसलेला असताना त्याची साण फुटली आणि तिच्या तुकड्याने त्याचं अर्धं डोकं नेलं. गॉटफ्रीडने भावाला पुरलं, तो तुकडा उचलून ठेवला, आणि पुढे स्वतःचा कारखाना बांधला तेव्हा दाराशी भिंतीत बसवला. कामावर येणारा प्रत्येक जण त्याला हात लावून आत जातो. "मी पण लावायचो," इस्माईलभाई सांगत. "गार दगड. पण रोज सकाळी आठवण व्हायची, की बाबा, हे काम असां हाय."

मी एजन्सीत लागले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकडी आणि आखूड होती. माझ्या नवऱ्याची बँकेतली नोकरी आम्हाला पुण्याहून इथे घेऊन आली, आणि मला इंग्रजी टाइपिंगची नोकरी मिळाली ती इस्माईलभाईंचा जर्मनीशी पत्रव्यवहार सांभाळायला. मी धरून चालले होते की बोटं मशीनमध्ये गेली असतील. दोन वर्षांनी एकदा सहज विचारलं. ते म्हणाले, "मशीनमध्येच. पण माझी मी नाय घातली." आणि मग त्या दुपारी दुकान रिकामं होतं म्हणून, की मी त्यांची ‘बाय’, म्हणजे घरातली बहीणच, झाले होते म्हणून, त्यांनी सगळं सांगितलं.

इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं त्या आठवड्यात वेर्नर इथे आलेला होता. अबू फहदचं कुटुंब पहिल्याच दिवशी सौदीला निघून गेलं. हॉटेलांमधून गोऱ्या लोकांना गोळा करायला सुरुवात झाली, त्यांना महत्त्वाच्या ठिकाणी नेऊन ठेवायचे, म्हणजे कोणी बाँब टाकणार नाही. वेर्नर एक बॅग घेऊन चालत शुवैखच्या वर्कशॉपमध्ये आला आणि इस्माईलभाईंना म्हणाला, मला दुसरं कोणी माहीत नाही. वर्कशॉपला वर एक माळा होता, रिकाम्या खोक्यांनी भरलेला. खोक्यांच्या मागे त्याला ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा, पंखा लावला तर आवाज खाली जाणार. इस्माईलभाई त्याला कॅनमधून पाणी द्यायचे, खुबूसची रोटी आणि डाळ द्यायचे, आणि एका डब्यात तो विधी करायचा, तो डबा हे खाली आणून रिकामा करायचे. रस्त्यावर गोळीबार चालू असायचा. समोरच्या गॅरेजमधल्या एका माणसाला दारातच गोळी घातली आणि तीन दिवस कोणाला उचलू दिलं नाही. इस्माईलभाईंना तो वास शेवटपर्यंत आठवायचा. मासळी-मटणाच्या वासात जन्म काढलेला माणूस, पण तो वास वेगळा, म्हणत.

असे तेवीस दिवस. आणि त्या दिवसांत वेर्नरने त्यांना आपल्या घराण्याचा इतिहास सांगितला. कुजबुजत, मोडक्या इंग्रजीत, मध्येच जर्मनमध्ये घसरत. पहिल्यांदा अभिमानाचा, गॉटफ्रीडचा आणि साणेचा. मग आजोबांचा, ज्यांनी पहिल्या महायुद्धात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बंद करून संगिनी काढल्या, आणि त्याच कारखान्यातली चौदा माणसं त्या संगिनी घेऊन लढायला गेली ती परत आली नाहीत. आणि शेवटी, बहुतेक विसाव्या दिवशी, वडिलांचा. दुसऱ्या युद्धात त्यांच्या कारखान्यात पूर्व युरोपातून धरून आणलेल्या मुली कामाला होत्या. पगार नाही, सुट्टी नाही, आवारातच एका शेडमध्ये कोंडलेल्या. पाती ठोकायला वरून आदळणारा मोठा यांत्रिक घण होता, त्याच्यावर एक मुलगी असायची. ती चौदा-चौदा तास उभी राहून पेंगली आणि तिचा हात घणाखाली गेला. कोपरापर्यंत. वेर्नर तेव्हा सहा वर्षांचा, आवारात खेळत होता. त्याने पाहिलं की तिला बाहेर आणून भिंतीशी टेकवून बसवलं. बाकीच्या मुली ‘ओल्या! ओल्या!’ अशा तिच्या नावाने हाका मारत होत्या. फोरमनने त्याच्या वडिलांना विचारलं, डॉक्टरला बोलवू का. वडिलांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, आधी घण चालू करा. ती भिंतीशी बसून रक्त जाऊन मेली. वेर्नर तिच्या समोर उभा होता, हातात लाकडी घोडा होता त्याच्या. पुढे त्या गावावर बाँब पडले, अर्धा कारखाना जळाला, ती भिंतही पडली, आणि वडिलांनी पुन्हा बांधला तेव्हा ठरवलं, यापुढे शस्त्रं करायची नाहीत, फक्त स्वयंपाकघराच्या आणि खाटकाच्या सुऱ्या. लोक त्यांना मोठ्या मनाचा माणूस म्हणायला लागले. वेर्नरला त्यांच्या तोंडाकडे बघितलं की घड्याळ दिसायचं.

"मी त्याला विचारलं, हे मला कशाला सांगतोस," इस्माईलभाई म्हणाले. "तर बोलला, मी इथून जिवंत जाणार नाय असां वाटतंय. कोणाला तरी माहीत पायजे."

चोविसाव्या दिवशी सैनिक आले. सुऱ्या लुटायला आले होते, त्या खोक्यांनी भरून नेल्या. पण त्यांच्यातल्या एकाला टेबलावर जर्मन पत्त्याची पाकिटं दिसली, आणि कोणीतरी आधी सांगितलेलंही असेल की इथे एक गोरा येत असे. त्यांनी इस्माईलभाईंना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. नाक फुटलं, दोन दात पडले. हे म्हणत राहिले, तो हॉटेलात गेला, मला माहीत नाही. मग त्यांचा उजवा हात वर्कबेंचच्या वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, घातला, ज्यात सुरीची मूठ पकडून घासतात त्या, आणि एक जण दांडा फिरवायला लागला. पहिलं बोट मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. दुसऱ्याला ते ओरडले. तेवढ्यात माळ्यावरची खोकी हलली आणि वेर्नर शिडीवरून खाली आला, हात वर करून. घामाने भिजलेला, तीन आठवडे दाढी वाढलेला, अंगावर फक्त बनियन आणि लुंगी. इस्माईलभाईंचीच लुंगी. तो सैनिकांना काही बोलला नाही. सरळ वाइसपाशी गेला आणि दांडा उलटा फिरवून त्यांचा हात सोडवला. मग त्याला घेऊन गेले.

इस्माईलभाईंनी तो हात फडक्यात गुंडाळून बसराच्या वाटेने, बगदादमार्गे, जॉर्डनच्या वाळवंटातल्या तंबूत दिवस काढून, शेवटी मुंबईचं विमान पकडलं. बोटं चुकीची जुळली ती तशीच राहिली. वेर्नर इराकमधल्या कुठल्याशा धरणावर चार महिने ओलीस होता. तोही सुटला. पुढच्या वर्षी इस्माईलभाई पुन्हा इथे आले तेव्हा वर्कशॉपचं छत जळालेलं होतं, आकाश तेलविहिरींच्या धुराने भरदुपारी काळं होतं, आणि अबू फहदच्या हातात जर्मनीहून आलेली तार होती, की इस्माईल परत आला असेल तरच एजन्सी चालू ठेवतो.

वेर्नर त्यानंतर वीसेक वर्षं दर हिवाळ्यात यायचा. मी त्याला शेवटच्या काही खेपांत पाहिलं. दोघं वर्कशॉपमध्ये समोरासमोर बसून चहा प्यायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. वेर्नरने माळ्याकडे कधी मान वर करून पाहिलेलं मला आठवत नाही. तो गेला तेव्हा इस्माईलभाईंनी दुकान एक दिवस बंद ठेवलं, आणि कारखाना त्याची मुलगी काट्रिन बघायला लागली.

खरी कसोटी त्यानंतर आली. कारखान्याला दीडशे वर्षं झाली म्हणून काट्रिनने एक सुंदर पुस्तिका छापली आणि जगभरच्या विक्रेत्यांना पाठवली. गॉटफ्रीड होता, साणेचा दगड होता, वेर्नरच्या कुवेतमधल्या कैदेचा एक परिच्छेदही होता. दुसऱ्या युद्धाबद्दल एकच वाक्य, की त्या कठीण काळात उत्पादन खंडित झालं. मी ते इस्माईलभाईंना मराठीत करून सांगितलं. त्यांनी ते पान दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "खंड नाय पडला, बाय. घण चालूच होता. लिव तिला."

मी लिहिलं. ते सांगत होते आणि मी इंग्रजीत टाइप करत होते. घडल्या क्रमाने. घड्याळ, भिंत, लाकडी घोडा, ‘ओल्या’ हे नाव. शेवटी त्यांनी घातलं, की हे तुमच्या वडिलांनी मला सांगितलं, मी पाहिलेलं नाही. तेवढं मात्र स्पष्ट लिही, म्हणाले.

उत्तर आलं ते काट्रिनकडून नाही, कंपनीच्या वकिलाकडून. आपल्या भावनांचा आदर आहे, पण अशा परिस्थितीत ऐकलेल्या गोष्टींवर विसंबता येत नाही, आणि हा मजकूर इतर कोणाला पाठवू नये. त्याच आठवड्यात अबू फहदच्या मुलाने, जो आता मालक आहे, इस्माईलभाईंना आत बोलावलं. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, एजन्सी गेली तर इथली अकरा माणसं घरी जातील, तुमचा इकामा, इथे राहायचा परवाना, पण माझ्या हातात आहे. मेलेल्या मुलीसाठी जिवंत माणसांच्या पोटावर पाय देणार का? इस्माईलभाई उठले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, आता सांगतील, माफीचं पत्र टाइप कर. ते खुर्चीत बसले, वाकडी बोटं डाव्या हाताने चोळत राहिले, आणि म्हणाले, "आता गप ऱ्हाऊया. मी बोललो ता खरां हाय. परत घेणार नाय. पण अजून काय बोलणार पण नाय." ते घाबरले होते. हे मला लिहायला हवं, कारण शोकसभेत जो तो त्यांना निडर म्हणत होता. ते तीन-चार महिने दर फोनला दचकत होते, आणि एकदा मला म्हणाले की जुबैदाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी गावी फोन करून सांगून ठेवलंय, कदाचित मी घरी येईन.

मग एका रविवारी काट्रिन स्वतः आली. न कळवता, टॅक्सीने, शुवैखच्या धुळीत पांढरे बूट घालून. पंचेचाळिशीची असेल. तिने कोणाला नमस्कार-चमत्कार केला नाही, इस्माईलभाईंसमोर उभी राहून म्हणाली, "मला तो माळा बघायचाय." माझ्या अंदाजाने ते दोघं वर दोन तास होते. मी अधूनमधून भाषांतराला गेले. तिने गावच्या कब्रस्तानाची जुनी नोंदवही काढून पाहिली होती. त्यात ओल्गा नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीची नोंद होती, मृत्यूचं कारण, कारखान्यातला अपघात. ‘ओल्या’ हे त्याच नावाचं लाडकं रूप. वकिलाने तिला हे विसर म्हणून सांगितलं होतं. ती विसरू शकली नाही. शेवटी ती एका खोक्यावर बसली आणि म्हणाली, "माझ्या वडिलांनी मला हे कधीच का सांगितलं नाही?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे न बघता, थेट तिला, त्यांच्या मासळीबाजारी इंग्रजीत सांगितलं, की मरण समोर दिसलं तेव्हा ते बोलले. मग ते जगले. जगल्यावर सांगणं कठीण असतं.

ती रडली नाही. खाली आल्यावर तिने वर्कबेंचवरच्या वाइसला हात लावला, तोच आहे का विचारलं. तोच होता. पुढच्या वर्षी पुस्तिका नव्याने छापून आली. त्यात ओल्गाचं नाव होतं, वय होतं, घड्याळही होतं. जर्मनीत तिच्या चुलत भावंडांनी तिच्याशी बोलणं टाकलं, काही जुन्या दुकानदारांनी माल घेणं थांबवलं. आमची एजन्सी मात्र राहिली. अबू फहदच्या मुलाने ती पुस्तिका काउंटरवर ठेवली नाही, पण इस्माईलभाईंच्या टेबलावर होती ती काढायलाही लावली नाही.

ते गेल्याचं काट्रिनला मीच फोन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सुरी कोणती होती?" मला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. मी म्हटलं, तुमचीच. सहा इंची, हाडापासून मांस सोडवायची. तिने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. म्हणाली, "हेही लिहावं लागेल." 

ज्याच्या हातून हे झालं तो माणूस तुरुंगात आहे. त्याच्या गावाकडून एक वयस्कर चुलता आला, शाहीनच्या दारात उभा राहिला. घरच्यांनी माफीपत्र दिलं तर शिक्षेत फरक पडू शकतो, असं त्यांच्या वकिलाने चुलत्याला सांगितलं होतं. शाहीनने त्याला पाणी दिलं, आणि दार लावून घेतलं. ती मला म्हणाली, "मेधाताई, मी देणार नाही. बाबांचं पोट फाडलंय त्याने. मयत धुताना मी ते बघितलंय." तिची मुलगी, दहा वर्षांची, आतून इंग्रजीत म्हणाली, मम्मा प्लीज, हळू बोल. शाहीन दोन आठवडे त्या माफीपत्राच्या कागदाला शिवली नाही. शेवटी तिने गावी आईला फोन लावला. मी तिथे होते, फोन स्पीकरवर होता. जुबैदाभाभी नवरा गेल्यानंतरच्या इद्दतमध्ये, घराबाहेर न पडता बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "बाबा पोलिसाला काय बोलले ता सांग मला पुन्हा."

शाहीनने सांगितलं. तो माझ्यावर आला नव्हता, मी मध्ये गेलो.

"मग झालां," भाभी म्हणाल्या. "ते मरताना खोटां नाय बोलले. आपण आता दुसरां काय सांगणार?"

शाहीनने सही केली. त्या माणसाला भेटायला मात्र तिने नकार दिला, त्याने पाठवलेली चिठ्ठी वाचली नाही, आणि मला वाटतं, तेवढा तिचा हक्क आहे.

मागच्या शुक्रवारी मी तिच्याकडे जेवायला गेले होते. सहा आठवडे ती मासळी बाजारातूनच कापून आणत होती, घरात सुरीला हात लावत नव्हती. त्या दिवशी ओट्यावर अख्खा हलवा मासा होता. तिने ड्रॉवर उघडला, बापाने लग्नात दिलेली सुरी काढली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्ही कापता? मी हात पुढे केला. तिने सुरी माझ्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली, मूठ माझ्या बाजूला वळवली, आणि हात मागे घेऊन थांबली. इस्माईलभाई दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सुरी अशीच देत, शेख असो की खाटीक. समोरच्याने उचलेपर्यंत नजर तिच्यावरून हलवत नसत. घाईतल्या गिऱ्हाइकांना त्याचा वैताग यायचा, ते हात पुढे करून उभे राहायचे आणि इस्माईलभाई ऐकायचे नाहीत. मी त्यांना कधी कारण विचारलं नव्हतं. शाहीनलाही ठाऊक नव्हतं. "बाबा असंच करायचे," एवढंच म्हणाली.

मी सुरी उचलली आणि हलवा कापायला घेतला.